लिथियम-गंधक बॅटरी लवकर का दम तोडते, आणि तिचं आयुष्य वाढतं कशाने

मुंबईतल्या माहूलच्या रिफायनऱ्यांमध्ये कच्च्या तेलातलं गंधक रोज वेगळं काढावं लागतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ इंधन आलं आणि पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली. तेलातलं गंधक आधी हायड्रोजन सल्फाइड वायू म्हणून निघतं, मग क्लॉस प्रक्रियेत त्याचं पिवळंधमक गंधक होतं आणि ते खतं, सल्फ्युरिक आम्ल, रबर अशा उद्योगांकडे जातं. त्यासाठी वेगळी खाण खणावी लागत नाही आणि ते स्वस्त आहे. बॅटरीतल्या महागड्या निकेल-कोबाल्टच्या जागी हेच का वापरू नये, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. तो नवाही नाही: गंधकाचा कॅथोड (बॅटरीचं धन टोक) वापरणाऱ्या बॅटरीचं हर्बर्ट आणि उलाम यांचं अमेरिकी पेटंट १९६२ चं आहे.

कागदावरचे आकडे भुरळ घालणारे आहेत. एक ग्रॅम गंधक पूर्ण वापरलं तर १,६७५ मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार साठतो. आजच्या चांगल्या निकेलयुक्त कॅथोडमध्ये हाच आकडा २०० च्या आसपास असतो. व्होल्टेज कमी, सरासरी २.१ व्होल्ट, तरीही लिथियम आणि गंधक या जोडीची सैद्धांतिक ऊर्जा किलोमागे सुमारे २,५०० वॅट-तास भरते. मग गेल्या साठ वर्षांत ती रस्त्यावर का आली नाही? कारण आयुष्य. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी दोन-तीन हजार चार्ज सायकल सहज काढते. खरोखर हलकी आणि जास्त ऊर्जेची बांधलेली लिथियम-गंधक बॅटरी मात्र बहुतेक वेळा शंभर ते काही शे सायकलमध्येच थकते.

याचं खापर सहसा गंधकावर फोडलं जातं. पण अशी थकलेली बॅटरी उघडून तिचा गंधकाचा कॅथोड नव्या लिथियमबरोबर आणि ताज्या इलेक्ट्रोलाइटमध्ये (आयनांची ने-आण करणाऱ्या द्रावात) बसवला, तर त्याची बरीचशी क्षमता परत येते. मरतं ते समोरचं लिथियम, आणि आटतो तो मधला इलेक्ट्रोलाइट. आयुष्य वाढवण्याचे सगळे उपाय या एका गोष्टीवर घासून पाहायला हवेत.

आत नेमकं काय चालतं

गंधकाचे आठ अणू कडं करून राहतात. डिस्चार्ज सुरू झाला की लिथियमचे आयन येतात, कडं तुटतं आणि त्याची साखळी होते: आधी आठ अणूंची, मग सहाची, चारची. या लांब साखळ्यांना पॉलिसल्फाइड म्हणतात. हा पहिला टप्पा २.३ ते २.४ व्होल्टवर होतो आणि त्यात एकूण क्षमतेचा फक्त पाव भाग मिळतो. उरलेला पाऊण भाग २.१ व्होल्टच्या लांबलचक सपाट टप्प्यावर मिळतो. तिथे साखळ्या आणखी तुटून शेवटी लिथियम सल्फाइड हा घन पदार्थ तयार होतो. चार्ज करताना सगळं उलट दिशेने.

गंधक घन आहे आणि लिथियम सल्फाइडही घन आहे. मधल्या लांब साखळ्या मात्र इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतात. पारदर्शक इलेक्ट्रोलाइट काही मिनिटांत पिवळा आणि मग गडद तपकिरी-लाल होतो. हे विरघळणं सरसकट वाईट नाही. गंधक विजेचं इतकं निकृष्ट वाहक आहे की ते विरघळून कार्बनच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलं नाही तर प्रक्रिया रखडते. पण विरघळलेली साखळी कॅथोडपाशीच थांबत नाही. सेपरेटर, म्हणजे मधला सच्छिद्र पडदा, ओलांडून ती लिथियमपर्यंत जाते, तिथे आपोआप लहान होते, परत येते, चार्जिंगमध्ये पुन्हा लांब होते आणि पुन्हा निघते. या येरझाऱ्यांना शटल म्हणतात. शटलमुळे तीन नुकसानं होतात: चार्जरची वीज फुकट जाते, काही गंधक लिथियमवर जाऊन कायमचं बसतं, आणि लिथियमचा पृष्ठभाग सारखा खाल्ला जातो. आमच्या मते यातलं तिसरं सर्वात घातक आहे.

याशिवाय फुगवटा आहे. गंधकाची घनता दर घनसेंटिमीटरला २.०७ ग्रॅम, लिथियम सल्फाइडची १.६६. पूर्ण डिस्चार्जमध्ये पदार्थ सुमारे ८० टक्क्यांनी फुगतो आणि चार्जमध्ये आकसतो. कॅथोडचा थर या ओढाताणीत चिरतो, कार्बनपासून सुटतो आणि तिथलं गंधक विजेला पारखं होतं.

एका टक्क्याचा हिशेब

एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ आणि एक मायक्रॉन जाडीच्या लिथियममध्ये ०.२०६ मिलिअँपिअर-तास मावतात. हा एक आकडा लक्षात ठेवला तर या विषयावरच्या निम्म्या दाव्यांची परीक्षा घरबसल्या करता येते.

प्रयोगशाळेतली नेहमीची कॉइन सेल, म्हणजे नाण्याएवढी चाचणीची बॅटरी घ्या. त्यात चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम गंधक, म्हणजे व्यवहारात साधारण १ मिलिअँपिअर-तास. समोर ४५० मायक्रॉन जाडीची लिथियमची चकती, म्हणजे सुमारे ९३ मिलिअँपिअर-तास. दर सायकलला जितकं लिथियम ये-जा करतं त्याच्या एक टक्का नासतं असं धरू. एका सायकलला ०.०१ गेलं, शिल्लक ९२. लिथियम संपायला नऊ हजार सायकल लागतील. ही सेल हजार सायकल चालली तर त्यातून लिथियमच्या तब्येतीबद्दल काहीच कळत नाही.

आता विकण्याजोगी पाउच सेल, म्हणजे सपाट पाकिटातली बॅटरी घ्या. वजन वाचवायचं तर गंधक ५ मिलिग्रॅम हवं आणि लिथियम ५० मायक्रॉनच्या पुढे परवडत नाही. गंधकाची क्षमता ५ मिलिअँपिअर-तास, लिथियमची १०.३. जादा लिथियम ५.३. तोच एक टक्का तोटा आता दर सायकलला ०.०५ खातो. १०६ सायकलमध्ये जादा साठा साफ, आणि त्यानंतर क्षमता धाडकन कोसळते. तोटा अर्ध्या टक्क्यावर आणला तर २१२ सायकल, पाव टक्क्यावर आणला तर ४२४.

सोसायटीच्या गच्चीवरची मोठी टाकी गळत असली तरी महिनोन्महिने कोणाला पत्ता लागत नाही. तेवढीच गळती घरातल्या बादलीला लागली तर ती दुपारपर्यंत रिकामी होते. वर्तमानपत्रात येणाऱ्या हजार-हजार सायकलच्या बातम्या बहुतेक वेळा मोठ्या टाकीच्या असतात.

इलेक्ट्रोलाइटचंही तेच. कॉइन सेलमध्ये एका मिलिग्रॅम गंधकामागे १० ते २० मायक्रोलिटर इलेक्ट्रोलाइट ओततात. १० धरला तरी एका ग्रॅम गंधकामागे १० मिलिलिटर, म्हणजे ११ ग्रॅमच्या वर वजन झालं. त्या एका ग्रॅम गंधकातून प्रत्यक्षात मिळते २.१ वॅट-तास ऊर्जा. फक्त गंधक आणि इलेक्ट्रोलाइट मोजला तरी किलोमागे १७० वॅट-तासांच्या आसपासच हाती लागतात. लिथियम, कार्बन, फॉइल, पाउच अजून धरलेलंच नाही. बाजारातली चांगली लिथियम-आयन सेल किलोमागे २५० च्या आसपास देते, मग हिला कोण विचारणार? म्हणून इलेक्ट्रोलाइटचं हे प्रमाण ५ च्या खाली, शक्यतो ३ वर आणावं लागतं. आणि ३ वर आणलं की इलेक्ट्रोलाइट पॉलिसल्फाइडने घट्ट होतो, आयनांना हालचाल जड जाते, आणि लिथियमवर होणाऱ्या प्रत्येक दुय्यम प्रक्रियेत त्यातलेच थेंब खर्च होतात.

कॅथोड: जागा सोडून भरा

गंधकाला कार्बनच्या छिद्रांत कोंडायची युक्ती २००९ साली जी, ली आणि लिंडा नझार यांच्या कॅनडातल्या कामाने गाजली. पद्धत सोपी असल्यामुळे ती आजही सर्वत्र वापरतात. गंधक आणि सच्छिद्र कार्बन ७ : ३ प्रमाणात खलून बंद, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या पात्रात १५५ अंश सेल्सिअसला १२ तास ठेवायचं. तापमान १५५ च का? गंधक ११५ ते ११९ अंशांना वितळतं, आणि १५५ च्या आसपास ते सर्वात पातळ असतं, म्हणून केशाकर्षणाने छिद्रांत शिरतं. १५९ च्या पुढे कडी उघडून लांब साखळ्या होतात आणि तेच गंधक काकवीपेक्षाही दाट होतं. ओव्हनचा थर्मोस्टॅट ५-१० अंशांनी चुकत असेल तर भरणं अर्धवट राहतं आणि कण छिद्रांबाहेर साठतात. आत वेगळा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवून तापमान तपासणं म्हणूनच गरजेचं.

प्रमाण ७ : ३ च का, तेही मोजता येतं. समजा कार्बनच्या एका ग्रॅममध्ये २ घनसेंटिमीटर पोकळी आहे. ती काठोकाठ भरली तर ४.१४ ग्रॅम गंधक मावेल. पण ते ८० टक्के फुगणार, म्हणून १.८ ने भागायचं: २.३ ग्रॅम. म्हणजे एकूण वजनात ७० टक्के गंधक. कार्बनची पोकळी दीड घनसेंटिमीटरच असेल तर ६३-६४ टक्क्यांवर थांबावं लागतं. कार्बनच्या पिशवीवरचा पोकळीचा आकडा न बघता ८० टक्के भरणारे पुढे थर चिरला म्हणून कण चिकटवणाऱ्या बाइंडरला दोष देतात.

स्लरी, म्हणजे थर देण्यासाठीचा पातळ लेप, करताना या मिश्रणाचे ८० भाग, वाहक कार्बनचे १० आणि बाइंडरचे १० ही सुरुवात ठीक. पीव्हीडीएफ बाइंडर एनएमपी या द्रावकात विरघळतो आणि ते वाळवायला उष्णता लागते. ७०-८० अंशांना व्हॅक्यूममध्ये गंधकच उडू लागतं. ओव्हनच्या काचेवर पिवळट धुकं दिसलं की समजावं, मोजून भरलेलं गंधक कमी झालं. त्यापेक्षा पाण्यात विरघळणारा सीएमसी आणि पाण्यात मिसळणारा एसबीआर हे बाइंडर बरे. आधी साध्या ओव्हनमध्ये ५० अंशांना रात्रभर, मग व्हॅक्यूम ५० च्या वर न नेता. शेवटी थराचा तुकडा तापवून वजनातली घट मोजणाऱ्या यंत्रात घालून गंधकाचं खरं प्रमाण बघायचं आणि सगळे हिशेब त्यावरच करायचे.

बाइंडरच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाचं २०२० चं काम मनाला पटतं. त्यांनी सीएमसी वेगळ्या पद्धतीने मिसळला, जेणेकरून बाइंडर सगळ्या कणांवर चादरीसारखा पसरण्याऐवजी कणाकणांमध्ये पूल बांधतो आणि फुगायला मोकळीक राहते. तेव्हा ‘फोन पाच दिवस चालेल’ अशा बातम्या झळकल्या होत्या. मूळ कामाचं मोल त्याहून वेगळं होतं. जाड थर न चिरता टिकू शकतो हे त्यातून दिसलं, आणि जाड थराशिवाय या बॅटरीला भवितव्य नाही.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते: थरातली पोकळी. ७५-८० टक्के पोकळ थर भिजवायलाच इतका इलेक्ट्रोलाइट लागतो की ३ चं प्रमाण गाठता येत नाही. हलक्या रोलरखाली थर थोडा दाबून पोकळी ६० टक्क्यांच्या आसपास आणली तर इलेक्ट्रोलाइट वाचतो. जास्त दाबला तर भिजतच नाही.

इलेक्ट्रोलाइट: नायट्रेट किती दिवस पुरेल

लिथियम-आयनमधला कार्बोनेट इलेक्ट्रोलाइट इथे थेट चालत नाही. पॉलिसल्फाइड कार्बोनेटच्या रेणूवर हल्ला करतं आणि पहिल्या काही सायकलमध्येच सेल बसते. म्हणून इथरवर्गीय द्रावकं वापरतात: डायऑक्सोलेन आणि डायमिथॉक्सिइथेन आकारमानाने समसमान, त्यात लिटरला १ मोल लिथियम टीएफएसआय हे लिथियमचं मीठ, आणि वजनाने १ ते २ टक्के लिथियम नायट्रेट.

शेवटचा घटक दिसायला किरकोळ, पण त्याच्याशिवाय काही खरं नाही. नायट्रेट लिथियमच्या पृष्ठभागावर एक थर तयार करतं आणि पॉलिसल्फाइडला लिथियमपासून दूर ठेवतं. मात्र दर चार्जमध्ये नवं लिथियम वर चढतं, थर तडकतो आणि तो सांधायला पुन्हा नायट्रेट खर्च होतं. गंधकाच्या ग्रॅममागे २० मिलिलिटर इलेक्ट्रोलाइट असेल तर २ टक्क्यांप्रमाणे साडेचारशे मिलिग्रॅम नायट्रेट हाताशी असतं; ३ मिलिलिटर असेल तर जेमतेम ७०. तेवढं संपलं की शटल मोकाट.

नायट्रेट आणखी एका मार्गाने वाया जातं. सेल १.६-१.७ व्होल्टपर्यंत उतरवली तर ते कॅथोडवरच तुटतं. म्हणून डिस्चार्ज १.८ व्होल्टवर थांबवायचा. खालचे दोन-तीन टक्के क्षमतेसाठी १.५ पर्यंत जाणं म्हणजे आजचं भागवायला उद्याचं विकणं.

विरघळणं मुळातूनच कमी करणारे इलेक्ट्रोलाइटही आहेत. मीठ भरपूर आणि द्रावक कमी ठेवून, वर पातळ करायला फ्लोरिनयुक्त इथर घालतात. त्यात पॉलिसल्फाइड नाममात्रच विरघळतं. लिथियम जास्त टिकतं, पण प्रक्रिया मंदावते आणि फ्लोरिनयुक्त इथर जड नि महाग. ड्रोनसारख्या हळूहळू वीज घेणाऱ्या कामाला हा सौदा परवडतो, वेगाने चार्ज व्हायला हवं तिथे नाही.

भिंती, सापळे आणि काजूचं टरफल

शटल अडवायला मधे भिंत घालता येते. टेक्सासच्या मंथिराम यांच्या गटाने २०१२ मध्ये कॅथोड आणि सेपरेटर यांच्यामध्ये सच्छिद्र कार्बनचा कागद ठेवला. निसटलेली साखळी त्यात अडकते आणि तिथेच पुन्हा वापरली जाते. मिशिगनमध्ये निकोलस कोटोव्ह यांच्या गटाने २०२२ मध्ये केवलारच्या धाग्यांपासून बनवलेला पडदा वापरून १,००० सायकलपर्यंतचं आयुष्य जाहीर केलं. मोनॅशच्या गटानेही २०२१ मध्ये साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा वापर करून हजारावर मजल मारली. अशा प्रत्येक वेळी पडद्याचं वजन आणि त्यात शोषला जाणारा इलेक्ट्रोलाइट हिशेबात धरला आहे का, ते आधी बघावं. चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिग्रॅम पडदा ठीक. दोन मिलिग्रॅम झाला की गंधकाचा हलकेपणा त्यातच गेला.

आपल्या पवईतही या विषयावर काम झालं आहे. आयआयटी मुंबईचे सागर मित्रा आणि शिव नाडर विद्यापीठाच्या बिमलेश लोचब यांनी गंधकाला रासायनिक बंधाने धरून ठेवणारं बहुलक (पॉलिमर) बनवलं. त्यासाठी पेट्रोलियम उद्योगातलं गंधक, काजूच्या टरफलातल्या तेलातून मिळणारं कार्डानॉल आणि लवंगेच्या तेलातलं युजेनॉल वापरलं. कोकणात काजूच्या कारखान्यांमागे टरफलांचे ढीग लागतात, त्यांना असा उपयोग असू शकतो ही गोष्ट खरोखर उत्साह देणारी आहे. गंधकाला छिद्रात नुसतं कोंडण्यापेक्षा बंधाने बांधणं जास्त पक्कं, हा त्यामागचा विचार.

याच विचाराचं सर्वात टिकाऊ रूप म्हणजे गंधक आणि पॉलिअॅक्रिलोनायट्राइल एकत्र भाजून मिळणारा काळा पदार्थ. निष्क्रिय वायूत ३०० ते ४५० अंशांना भाजताना गंधकाच्या लहान साखळ्या बहुलकाच्या सांगाड्याला जोडल्या जातात. यात लांब विद्राव्य साखळ्या जवळपास तयारच होत नाहीत, म्हणून कार्बोनेट इलेक्ट्रोलाइटही चालतो. किंमत मोजावी लागते ती अशी: गंधक ४०-४५ टक्क्यांच्या आसपासच बसतं आणि व्होल्टेज १.८ च्या जवळ येतं. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात विभा कालरा यांच्या गटाने २०२२ मध्ये कार्बन धाग्यांवर गंधकाचं एक दुर्मिळ स्फटिकरूप बसवून कार्बोनेटमध्ये ४,००० सायकल दाखवल्या, तीही याच दिशेची वाट आहे. सायकल आयुष्य हा एकच निकष असेल तर आम्ही याच वाटेवर पैज लावू.

लिथियमची बाजू

संशोधन निबंधांचा ढीग कॅथोडवर आहे, आणि वर केलेला हिशेब सांगतो की खरी निकड लिथियमची आहे. चौरस सेंटिमीटरला ५ मिलिअँपिअर-तासांची सेल पाच तासांत चार्ज केली तर लिथियमवर १ मिलिअँपिअरचा प्रवाह पडतो. त्या वेगाने ते सपाट न बसता शेवाळासारखं भुसभुशीत वाढतं. पृष्ठभाग वाढला की इलेक्ट्रोलाइट जास्त खर्च होतो, मधले कण तुटून सुटे पडतात आणि मेलेल्या लिथियमचा राखाडी थर जाड होत जातो. म्हणून चार्ज सावकाश, दहा तासांचा, आणि डिस्चार्ज हवा तर पाच तासांचा. उलटं केलं तर आयुष्य घटतं. पाउच दोन सपाट पाट्यांमध्ये समान दाबाने धरला तर लिथियम जास्त घट्ट बसतं. दाब एका कोपऱ्यात जास्त पडला तर तिथूनच शॉर्ट होतो.

फॉइल कापतानाच्या चुकाही महागात पडतात. बोथट पंचने कापलेल्या चकतीच्या कडेला उभी धार राहते आणि ती सेपरेटरमध्ये घुसते. चकतीवर काळसर डाग दिसला तर तेवढी खरवडून वापरण्याऐवजी टाकून द्यावी.

मुंबईच्या हवेत

जुलैत मुंबईचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. एका घनमीटर हवेत २० ग्रॅमच्या वर पाणी. बॅटरीच्या ड्राय रूमला उणे ४० अंश दवबिंदू लागतो, म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम, जवळपास दोनशेवा हिस्सा. कॉइन सेल अरगॉनच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) होतात, पण कॅथोड तिथपर्यंत बाहेरून येतो, आणि घोटाळा तिथेच होतो. सीएमसी पाणी ओढतो, सच्छिद्र कार्बन ओढतो, लिथियम टीएफएसआय तर उघड्यावर ठेवलं की चिकट होतं. कॅथोड ओव्हनमधून काढून ग्लोव्ह बॉक्सच्या दारापर्यंत नेताना मधे अर्धा तास टेबलावर राहिला, तर रात्रभराचं वाळवणं वाया.

करायचं ते असं: मीठ आणि नायट्रेट व्हॅक्यूममध्ये १२० अंशांना २४ तास वाळवून थेट आत न्यावं. कॅथोड बंद नळीत व्हॅक्यूम करून, नळीसकट ग्लोव्ह बॉक्सच्या अँटीचेंबरमध्ये, म्हणजे दारापाशीच्या मधल्या कप्प्यात. तयार इलेक्ट्रोलाइटमधलं पाणी कार्ल फिशर यंत्रावर मोजावं. ३० पीपीएमच्या वर असेल तर वापरू नये. दोन्ही द्रावकं झटकन उडतात, म्हणून मोजलेला थेंब टाकल्यावर सेल लगेच बंद करावी. नाहीतर ३ चं प्रमाण कागदावर आणि २.५ प्रत्यक्षात. मग सेल सहा ते बारा तास भिजू द्यावी आणि पहिल्या दोन सायकल वीस तासांच्या संथ गतीने.

उष्णतेकडेही लक्ष हवं. शटल तापमानाबरोबर वाढतं. पूर्ण चार्ज केलेली सेल एप्रिल-मेमध्ये बिनापंख्याच्या खोलीत पडून राहिली तर वरचा २.३-२.४ व्होल्टचा टप्पा आपोआप गळून जातो. ठेवायचीच असेल तर थोडी वापरून, २.१ च्या सपाट टप्प्यावर आणून, थंड जागी ठेवावी.

आलेख काय बोलतो

सेल बिघडली तर ती उघडण्याआधी आलेख नीट वाचावा. चार्ज करताना व्होल्टेज २.४ च्या आसपास रेंगाळतं, २.६ पर्यंत चढतच नाही आणि आत गेलेला भार बाहेर आलेल्यापेक्षा खूप जास्त: नायट्रेट संपलं, शटल सुरू. असा चार्ज तासन् तास चालू राहतो आणि सेल गरम होते, म्हणून चार्जरला फक्त व्होल्टेजची मर्यादा पुरत नाही. मागच्या डिस्चार्जच्या १०५ टक्के भार आत गेला की चार्ज थांबेल अशी दुसरी अट घालायलाच हवी.

दोन टप्प्यांच्या मधली खाच खोल झाली आणि खालचा टप्पा २.१ वरून २.० च्या खाली सरकला: इलेक्ट्रोलाइट आटला किंवा लिथियम सल्फाइडने पृष्ठभाग झाकला. अशी सेल एकदा वीस-तीस तासांच्या संथ गतीने उतरवून पाहावी. क्षमता परत आली तर अडथळा रोधाचा आहे. नाही आली तर गंधक किंवा लिथियम खरंच कमी झालंय. इथवर सगळं छान चालून पाच-सात सायकलमध्ये क्षमता कोसळली तर संशय लिथियमवरच. चार्जमध्ये व्होल्टेज थरथरत असेल तर लिथियमचा काटा पलीकडे टेकतोय. ती सेल तिथेच बंद करावी.

आणि कोणी हजार सायकलचा दावा केला तर चार आकडे मागावेत: चौरस सेंटिमीटरला गंधक किती, गंधकामागे इलेक्ट्रोलाइट किती, लिथियमची जाडी किती, आणि सेल कॉइन की पाउच. पहिला ५ च्या वर, दुसरा ५ च्या खाली, तिसरा १०० मायक्रॉनच्या आत असेल तर २०० सायकलसुद्धा मोठी गोष्ट आहे. या बॅटरीला जिथे यश मिळालं ते वजनाला सोन्याचा भाव असलेल्या जागी: २०१० मध्ये झेफिर हे सौर विमान सिऑन पॉवरच्या लिथियम-गंधक सेलवर सलग १४ दिवस उडालं, आणि २०२० मध्ये एलजीच्या सेलनी दक्षिण कोरियाच्या ईएव्ही-३ या विमानाला स्ट्रॅटोस्फिअरमध्ये नेलं. ब्रिटनची ऑक्सिस एनर्जी मात्र २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. स्कूटरला आणि बसला लिटरमागे ऊर्जा लागते, आणि तिथे ही हलकी पण फुगीर बॅटरी अजून मागे आहे.

थकलेली सेल उघडायची वेळ आली तर आधी ती १.८ व्होल्टपर्यंत उतरवावी आणि उघडणं ग्लोव्ह बॉक्समध्येच करावं. भुसभुशीत लिथियम ताज्या फॉइलपेक्षा कितीतरी लवकर पेटतं. त्यावर पाणी कधीही नाही. तुकडे अरगॉनखाली, एकेक करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मुरवावेत आणि बुडबुडे थांबेपर्यंत दुसरा तुकडा टाकू नये. कॅथोड आणि सेपरेटरवर लिथियम सल्फाइड असतं. दमट हवेत आल्याबरोबर त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याचा वास येतो. तो तुकडा फ्यूम हूडखाली ठेवावा, कचऱ्याच्या डब्यात नाही. आणि वास येईनासा झाला म्हणून वायू गेला असं समजू नये: १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, म्हणून हूडच्या बाहेर त्या वायूचा डिटेक्टर लावलेला असावा.